नातवाचे पांढरे केस, आजोबांची बधिर पावले

‘आमचे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,’ असे आपण घरातील तरुणांना ऐकवतो, तेव्हा पांढऱ्या केसांचा मान आपल्याकडेच असतो. मात्र महाविद्यालयात जाणाऱ्या नातवाच्या कानशिलांवर तसेच केस दिसू लागले की घर अस्वस्थ होते. कोणी शाम्पूला दोष देते, कोणी बोअरच्या पाण्याला.

आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर ते अकाली समजतात. बहुतेकदा त्याचे कारण आनुवंशिक असते. घरातील जुने छायाचित्रसंग्रह उघडून पाहा. एखाद्या काकांच्या किंवा आत्याच्या तरुणपणीच्या केसांत उत्तर सापडण्याची शक्यता मोठी. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचा राखीव साठा ज्याच्या त्याच्या वेळेने संपतो. तो साठा तेलाने भरून निघत नाही. एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात, हीही निव्वळ समजूत.

आयुर्वेदाने केस पिकण्याला ‘पालित्य’ म्हटले आणि त्याचा संबंध क्रोध, शोक व श्रम यांच्याशी जोडला. २०२० साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना उंदरांमध्ये असे दिसले, की तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून स्रवणारे नॉरअॅड्रेनलिन हा राखीव साठा झपाट्याने संपवते. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही ऐन परीक्षेत मुलाला केसांवरून टोचून बोलू नये, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

घराण्यात कोणाचेही केस लवकर पिकलेले नसतील, किंवा सोबत थकवा, फिकटपणा, जीभ हुळहुळणे, वजनातील बदल, अंगावर पांढरे डाग अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचे विकार, कोड आणि विशेषतः ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा संबंध अकाली पिकणाऱ्या केसांशी आढळतो. कमतरता भरून निघाल्यावर काहींचा रंग परततोही. आनुवंशिक असेल तर ती आशा ठेवू नये.

या ‘ब-१२’पाशी थोडे थांबू, कारण येथे प्रश्न एकट्या नातवाचा राहत नाही. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. डाळी आणि पालेभाज्या कितीही खाल्ल्या तरी त्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. शाकाहारी घरात चहापुरते दूध घेऊन भागत नाही.

नातू आणि आपण एकाच स्वयंपाकघरातले जेवतो. त्यात उतारवयात जठरातील आम्ल कमी होऊन अन्नातील ‘ब-१२’ नीट सुटे होत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेली मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरची रोजची गोळी त्यात भर घालतात. मग तळपायांना मुंग्या येतात, पावले बधिर वाटतात, अंधारात तोल जातो, नावे आठवत नाहीत. आणि सारे ‘वय झाले’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते. मज्जातंतूंची ही हानी वेळेत थांबवली नाही तर ती कायमची राहू शकते. हिमोग्लोबिन चांगले असले तरी ती होऊ शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसते, आत हानी चालूच राहते.

तेव्हा नातवाला डॉक्टरांकडे नेताना आपल्या सगळ्या औषधांची पिशवीही बरोबर न्यावी आणि आपलीही ‘ब-१२’ची तपासणी करावी का, हे विचारावे. ती करायची ठरली तर गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी रक्त द्यावे. नंतर दिले तर आकडा वाढलेला दिसतो आणि मूळची कमतरता लपून राहते.