उडी चुकली, दोष कुणाचा? 'राजी'चे पहिले दोन तास आणि लेव्हल डिझाइन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा गेम आहे 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. मी याचे फक्त पहिले दोन तास खेळलोय. त्यामुळे गेम घ्यावा की नको, दहापैकी किती मार्क, शेवट कसा आहे, यातलं काहीच मी सांगणार नाही. बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, लेव्हल डिझाइनवर. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: चांगली लेव्हल ही शिक्षक असते. ती बोलत नाही, फळ्यावर लिहीत नाही, पण शिकवते. आणि जिथे तिचं शिकवणं कमी पडतं, तिथे खेळणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच अक्कल नाही.

लेव्हल म्हणजे देखावा नव्हे

आधी शब्द समजून घेऊ. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे ज्यात मुख्य काम उड्या मारण्याचं असतं. या फळीवरून त्या फळीवर, खड्डा चुकवून, भिंतीला लटकून पुढे जायचं. लेव्हल डिझाइन म्हणजे त्या फळ्या, खड्डे, भिंती आणि शत्रू कुठे, किती अंतरावर आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे ठरवणं. रंगकाम नंतर येतं. सगळ्या भिंती राखाडी ठोकळ्यांच्या केल्या, तरी लेव्हल चांगली की वाईट ते कळतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली लेव्हल. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर आपल्यापैकी कित्येकांनी ती खेळलीय. आठवून बघा. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही. तरी सगळे उजवीकडेच जातात. थोडं पुढे प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा आणि समोरून चालत येणारा गूम्बा. एक तर उडी मारा, नाहीतर मरा. मेलात तरी हरकत नाही, कारण अजून काहीच कमावलेलं नसतं. मग मशरूम बाहेर येतं, पाइपला आपटून परत तुमच्याच दिशेने येतं. ते चुकवणंच अवघड, त्यामुळे ते खाल्लं की मोठं होता येतं, हा धडा बहुतेकांना मिळतोच.

माझा आवडता भाग लेव्हलच्या शेवटाकडे आहे. दोन जिने समोरासमोर, मध्ये फट. पहिल्या जोडीत फटीच्या तळाशी जमीन आहे, पडलात तर काही होत नाही. पुढच्या जोडीत तशीच फट, पण खाली खड्डा. म्हणजे आधी सराव, मग परीक्षा. मिनिटभरात शिकवलं, सराव घेतला, पेपरही काढला, आणि पडद्यावर सूचनेची एक ओळ नाही.

प्रतापगडाचा दरवाजा का दिसत नाही?

आम्हा सातारकरांना ही गोष्ट उलट्या बाजूने कळायला हवी. शाळेच्या सहलीत प्रतापगड सगळ्यांनी पाहिलेला असतो. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा किल्ला. त्याचा महादरवाजा बुरुजांच्या आड आहे. वाटेने चढताना तो समोर दिसत नाही. वळण घेऊन अगदी जवळ गेलात की मग कळतं, अरे, दरवाजा इथे आहे! शत्रूला लांबून नेम धरता येऊ नये, हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागा मिळू नये आणि वळणावर अडखळलेल्या माणसांवर वरून मारा करता यावा, यासाठी ही रचना. शिवकालीन किल्ल्यांत ती पुन्हा पुन्हा दिसते.

आता विचार करा. किल्ला बांधणारा आणि लेव्हल बनवणारा, दोघांकडची हत्यारं तीच: उंची, वळण, अरुंद वाट, आणि कुठून काय दिसतं याचा हिशोब. हेतू मात्र बरोबर उलटा. किल्ल्याला वाटतं, अनोळखी माणूस गोंधळावा. लेव्हलला वाटतं, अनोळखी माणूस पाच मिनिटांत सरावावा. म्हणून प्लॅटफॉर्म गेममध्ये दरवाजा आधी लांबून दाखवतात, मग तिथवर पोचायची वाट अवघड करतात. कुठे जायचं हे माहीत असलं, की कसं जायचं याचं कोडं आवडतं. कुठे जायचं हेच कळेना झालं, की माणूस वैतागतो.

मग 'राजी'त काय आहे?

'राजी' आपल्या शेजारचीच. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ती बनवली. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे उभारायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी टीम टिकली, एपिक गेम्सकडून अनुदान मिळालं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या यादीत त्याला नामांकन होतं. गोष्ट साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेला असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. ती त्याला शोधायला निघते.

सर्कस ही निवड मला हुशार वाटली. एक साधी मुलगी भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते, कठड्याला लटकते. का जमतं तिला? कारण ते तिचं रोजचं काम आहे. त्यासाठी वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आता लेव्हल. सुरुवातीच्या भागात वाट बहुतेक एकच आहे, आणि ती ओळखायला वास्तुकलाच मदत करते. कठडे, झरोके, खांब, कोरीव भिंती. जिथे धावता येतं ती भिंत वेगळी दिसते, जिथे पकडता येतं ती कड वेगळी. त्यामुळे पिवळ्या बाणांची गरज पडत नाही. आणि जी कसरत रस्ता पार करायला वापरता, तीच लढाईतही कामाला येते. खांब दिसला की गिरकी घेऊन वार, भिंत दिसली की तिच्यावरून उसळून वार. म्हणजे लढाईचं मैदानसुद्धा प्लॅटफॉर्म लेव्हलच आहे. हे मला फार आवडलं. शिकलेली गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी उपयोगी पडली, की ती पक्की होते.

कॅमेरा मात्र तुमच्या हातात नाही. तो वरून, तिरका, डिझायनरने ठरवलेल्या जागेवरून बघतो. याचे फायदे आहेत. मध्येच कॅमेरा खूप लांब जातो, राजी मुंगीएवढी होते आणि महालाचा अख्खा पसारा समोर येतो. छोट्या टीमला हे परवडतंही, कारण कॅमेरा जिथे जाणारच नाही ती बाजू बांधायला लागत नाही. तोटा काय, तो मला खेळताना नीट कळला नाही. दुसऱ्याला खेळताना बघून कळला.

सांगलीतली चाचणी

मागच्या सुट्टीत सांगलीला मामाकडे होतो. मामेबहीण नववीत आहे, तिने आजवर फक्त फोनवर गेम खेळलेत. 'सबवे सर्फर्स'मध्ये तिला कुणी हरवू शकत नाही. मी तिच्या हातात कंट्रोलर दिला आणि ठरवलं, अर्धा तास तोंड उघडायचं नाही. गेम बनवणारे यालाच प्लेटेस्ट म्हणतात. समोर बसायचं, बघायचं, मदत करायची नाही.

पहिली भिंत ती न विचारता चढली. पहिली कड तिने स्वतःच पकडली. इथे लेव्हल पास! मग एका कठड्यावरून पलीकडच्या कठड्यावर तिरकी उडी होती. ती पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर कंट्रोलर माझ्याकडे देत म्हणाली, "दादा, मला नाही जमत हे. तूच खेळ."

मला ते वाक्य खटकलं. तिचं बोट चुकत नव्हतं, वेळही चुकत नव्हती. तिला अंतर कळत नव्हतं. कॅमेरा तिरका असला की 'पुढे' आणि 'वर' यात फरक करणं डोळ्यांना अवघड जातं. समोरचा कठडा लांब आहे की नुसताच खाली आहे? आम्ही लोक वर्षानुवर्षं असे गेम खेळून हा अंदाज बांधायला शिकलोय, म्हणून आम्हाला अडचण दिसतही नाही. तिला दिसली, पण तिने दोष स्वतःवर घेतला.

या अडचणीवर जुने उपाय आहेत. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये मारिओची गोल सावली नेहमी त्याच्या पायाखाली सरळ पडते, प्रकाश कुठूनही येवो. ती सावली खरी नाही, ती खूण आहे: आत्ता सोडलंस तर इथे पडशील. दुसरा उपाय म्हणजे उड्या कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत ठेवायच्या, तिरक्या टाळायच्या. तिसरा सगळ्यात स्वस्त: पहिल्या तिरक्या उडीच्या खाली जमीन ठेवायची. मारिओच्या जिन्यांसारखं, आधी सराव.

सूत्रधार किती बोलणार?

सांगलीचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं, आणि सांगली नाट्यपंढरी झाली. त्या नाटकांत सूत्रधार जवळजवळ शेवटपर्यंत रंगमंचावर असायचा. कथा तो पदांतून गायचा आणि पात्रं त्याप्रमाणे अभिनय करायची.

'राजी'त अगदी तसंच आहे. दुर्गा आणि विष्णू वरून बघत राजीबद्दल बोलत राहतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दिसतात, भिंतींवरची चित्रं पुराणकथा सांगतात. कथेसाठी हे छान चालतं. मराठी घरातल्या पोराला महिषासुर कोण हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या खेळाडूला सूत्रधार हवाच. मात्र सूत्रधार कथा सांगू शकतो, उडी शिकवू शकत नाही. उडी रंगमंचानेच शिकवायची असते. 'राजी'चा सूत्रधार बोलका आहे, रंगमंच देखणा आहे, पण काही ठिकाणी रंगमंचाने अजून थोडं बोलायला हवं होतं.

०.१ सेकंदाची माया

आता इंजिनिअर म्हणून माझ्या आवडीचा भाग. चांगला प्लॅटफॉर्म गेम तुमच्याशी थोडं खोटं बोलतो, तुमच्याच भल्यासाठी. २०१८ चा 'सेलेस्ट' हा अवघड म्हणून प्रसिद्ध गेम घ्या. त्याच्या निर्मात्यांनी खेळाडूच्या हालचालीचा कोड सगळ्यांना वाचायला खुला केलाय. त्यात एक आकडा आहे: ०.१. कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडीचं बटण चालतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर ६ फ्रेम. याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, त्या कार्टूनमधल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून, जो कड्याच्या पुढे हवेत धावत राहतो आणि खाली बघितल्यावरच पडतो. दुसरी सवलत अशी की वर उडताना डोकं कोपऱ्याला जेमतेम आपटलं, तर गेम तुम्हाला ४ पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून पुढे जाऊ देतो.

खेळाडूला हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं, वा, जमलं मला! अवघड गेम आणि निर्दय गेम यात हाच फरक आहे. अवघड गेम मागतो खूप, पण मोजताना हात सैल ठेवतो.

म्हणूनच मामेबहिणीचं वाक्य मी हलकं घेत नाही. आपल्याकडे 'मला नाही जमत' हे फार लवकर म्हटलं जातं. गणितात, इंग्रजीत, कोडिंगमध्ये. प्रत्येक वेळी मेंदूच कमी पडलेला असतो असं नाही. कधी कधी पहिल्या खड्ड्याखाली कुणी जमीन ठेवलेली नसते, एवढंच. आणि मजा म्हणजे लेव्हल दुरुस्त करता येते. पुण्यातल्या एका छोट्या टीमने इतकी देखणी सुरुवात करून दाखवलीय, पुढची पावलं तुमच्यातलेच कुणीतरी टाकतील. गोडो नावाचं गेम इंजिन फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. चार फळ्या, एक खड्डा, एवढ्यानेही सुरुवात होते.

तोवर एक गृहपाठ. फोनवरचा कुठलाही नवा गेम उघडा आणि घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने तो कधी पाहिला नाही. आई, आजोबा, शेजारचा पिंट्या, कुणीही. पाच मिनिटं गप्प बसा. गप्प बसणं हाच अवघड भाग आहे! ते कुठे अडतात आणि अडल्यावर नेमकं काय म्हणतात, ते लिहून ठेवा. मग व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो, आणि तोवर मी 'राजी'चा पुढचा टप्पाही खेळून ठेवतो.

चला, भेटूया. पडलात तर आधी लेव्हलकडे बघा!