द्रिना नदीचा पूल आणि आईचं दूध

नव्या पुलाला, नव्या विहिरीला बळी लागतो, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज आम्ही अशाच एका लांबच्या पुलाबद्दल बोलणार आहोत.

युरोपात बोस्निया नावाचा देश आहे. तिथे विशेग्राद गावात द्रिना नदीवर हा दगडी पूल उभा आहे. त्याला अकरा कमानी आहेत आणि लांबी सुमारे १८० मीटर. तुर्की साम्राज्याचे वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच यांनी तो १५७१ ते १५७७ या काळात बांधवून घेतला. आराखडा सिनान या नामवंत वास्तुकाराचा. पाशा मूळचे याच भागातले, ख्रिस्ती घरातले. त्या काळी सरकार ख्रिस्ती घरांतले मुलगे फौजेसाठी आणि कारभारासाठी उचलून नेई. तसंच त्यांनाही नेलं होतं.

जगाला हा पूल कळला तो इवो आंद्रिच यांच्या कादंबरीमुळे. त्यांचं बालपण विशेग्रादमध्येच गेलं. कादंबरी १९४५ साली आली आणि १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. टोपल्यांत घालून घोड्यावरून नेलेल्या मुलांमागे आया रडत धावतात आणि नदीशी येऊन थांबतात, हे चित्र त्यात आहे.

कादंबरीत एक दंतकथाही आहे. दिवसा केलेलं बांधकाम रात्री मोडायचं. मग म्हणे दोन जुळी तान्ही बाळं खांबात चिणली. आईला पाजता यावं म्हणून भिंतीत भोकं ठेवली. दगडावरून पांढरं काही ओघळतं, ते तिचंच दूध, असं लोक मानतात. ज्या बाईला दूध येत नाही तिला ती पांढरी पूड औषध म्हणून देतात.

पण आंद्रिच तिथे थांबत नाहीत. गोष्टीमागे त्यांनी एक गरीब, भोळसट मुलगी दाखवली आहे. तिला मेलेली जुळी झाली. गावाने ती पुरून टाकली. तिला मात्र ते उमगत नाही. छाती दुधाने ठणकते आहे आणि ती बांधकामावर बाळं शोधत फिरते. लोक तिला हाकलतात. पुढे तिचं दुःख विसरलं जातं आणि बळीची गोष्ट तेवढी उरते.

आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. बळीच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. विहिरीला पाणी लागावं म्हणून सुनेचा बळी दिल्याची कथा अनेकींनी ऐकली असेल. अशी गोष्ट ऐकली की विचारावं: ती बाई कोण होती? तिला कुणी विचारलं होतं का?

कारण पूल बळी मागत नाही, माणसंच बळी घेतात. १९९२ च्या युद्धात याच पुलावर निरपराध बोस्नियाक मुस्लिमांना मारून नदीत टाकलं गेलं. ती दंतकथा नव्हे. विशेग्रादमधल्या त्या काळातल्या हत्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषींना शिक्षा दिल्या. २००७ साली युनेस्कोने पुलाला जागतिक वारसा ठरवलं. दगड जपले, तशी माणसांची आठवणही जपायला हवी.

पुढच्या बैठकीत आपल्या गावच्या विहिरीची, तळ्याची, पुलाची गोष्ट म्हाताऱ्या बायांना विचारा. बळी कुणाचा गेला हे विचाराच. पण दगड कुणी वाहिले, माती कुणी उपसली, हेही विचारा. ती नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा.