झाडं लागतात जुलैत, जगतात एप्रिलमध्ये

पाणीपुरवठा खात्यात मी चावीवाला होतो. रस्त्याच्या कडेचं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी फिरवायची आणि कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते सांभाळायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे झाडांचा विषय निघाला की मी आधी पाण्याचं बोलतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं लावायला आमच्या गटाबरोबर येणाऱ्या तरुण पोरांना त्याचा कंटाळा येतो. त्यांचा उत्साह असतो जुलैचा. खड्डा, रोप, चिखलाचे हात, मागे ढग, फोटो. मग पोरं जातात ती थेट पुढच्या जुलैत उगवतात, आणि "काका, आपलं झाड कुठंय?" असं विचारतात.

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरात एखादी सर, आणि पुढे मे संपेपर्यंत जवळजवळ कोरडं. टेकडीवर माती वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात तरारून आलेल्या रोपाची मुळं त्या वीतभर मातीतच फिरत असतात. फेब्रुवारीत ती माती तापली की रोप माना टाकतं. म्हणून आमच्या गटाचा नियम सोपा आहे: तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस आधी ठरवायचा, मगच खड्डा घ्यायचा. माणूस नाही तर रोप नाही. हा नियम ऐकून बरेच जण नाराज होतात. होऊ देत.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. कातळ लागला की पहार आणि घाम. उन्हाळ्यातच खणून ठेवला तर त्याच्या कडा तापतात, वाळवी-किडे कमी होतात. पहिला पाऊस झाला की माती, शेणखत आणि पालापाचोळा भरून रोप लावायचं. आळं करायचं ते उताराच्या खालच्या बाजूला, अर्ध्या चंद्रासारखं, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी तिथे अडतं. खरी परीक्षा पुढे. खालच्या सोसायट्यांमधून पाच-पाच लिटरचे कॅन भरून वर न्यायचे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे वाया जातं तेही आम्ही घेतो, पण ते खारट असतं, निम्मं साधं पाणी मिसळल्याशिवाय वापरू देत नाही. आमच्यातल्या एक मावशी दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन चढतात. त्या आधी आळ्यातला पाला बाजूला करतात, थोडं पाणी ओततात, ते जिरेपर्यंत शेजारच्या रोपाकडे जातात, परत येऊन उरलेलं ओततात आणि पाला पुन्हा पसरून ठेवतात. एकदम ओतलं तर निम्मं पाणी उतारावरून खाली पळतं. रोज तांब्याभर घालणाऱ्यांनाही त्या ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. रोज थोडं मिळालं की मुळं वरच रेंगाळतात. आठवड्यातून एकदाच, पण भरपूर मिळालं की ती ओलीच्या मागे खाली जातात.

काय लावायचं यावर टेकडीवर जितकी भांडणं होतात तितकी पाण्यावरूनही होत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. झटपट वाढतं, शेळ्या-मेंढ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत, डोंगर लवकर हिरवा दिसतो. शेंगवर्गातलं असल्यामुळे मातीला नत्र देतं, हेही खरं. पण त्याच्या दाटीत दुसरं काही सुखाने वर येत नाही. इथली झाडं म्हणजे मेडशिंगी, पळस, सालई, गणेर, काटेसावर, खैर, हिवर, धावडा. ती सावकाश वाढतात, त्यामुळे उद्घाटनाला उपयोगाची नाहीत. एक गोष्ट मात्र आमच्या गटालाही पचायला जड गेली: टेकडीचा काही भाग मुळातच गवताचा आहे. तितर, चंडोल त्या गवतातच राहतात. तिथे झाडांची गर्दी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. मोकळं गवत दिसलं की आता आम्ही तिथे पहार मारत नाही. वणव्याच्या दिवसांत फक्त जाळरेषा काढून ते राखतो.

आता हवेचं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या शहरांच्या यादीत पुणं आहे. तेव्हापासून प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर हवेचं नाव असतं. पानांवर धूळ बसते हे खोटं नाही. सागासारख्या खरखरीत पानांवर जास्त बसते आणि पावसाने धुऊन जमिनीवर येते. पानांच्या छिद्रांतून काही विषारी वायूही आत ओढले जातात. पण अमेरिकेतल्या शहरांची झाडं मोजून डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा झाडांमुळे हवेत पडणारा फरक सरासरी एक टक्क्याच्याही आत निघाला. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फांद्यांचं छत झालं तर वाहनांचा धूर खालीच कोंडतो, हेही संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे सायलेन्सरमधून निघणारं काळं आणि बांधकामांवरून उडणारी धूळ जिथल्या तिथेच थांबवायला हवी. ते काम झाडांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये.

मग झाडं कशाला? सावलीला. मे महिन्यात उन्हातलं झाकण मला फडकं गुंडाळल्याशिवाय धरता येत नसे. त्याच रस्त्यावर वडाखालचं झाकण भर दुपारी उघड्या हाताने उचलत असे. मला एवढा पुरावा पुरतो. शिवाय झाड पानांतून पाणी बाहेर सोडतं, त्यानेही भोवतालची हवा निवते. टपरीवाला, रिक्षावाला, झाडूवाली, हातगाडीवाला यांना हा फरक मोजून दाखवावा लागत नाही.

राज्य सरकारने २०१६ मध्ये १ जुलैला एका दिवसात २ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. पुढच्या वर्षांत ते ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेलं. मला या आकड्यांत रस नाही. रोपं किती लावली हे सगळे सांगतात, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली हे विचारावं.

आणि आधीपासून उभी आहेत त्या झाडांचं काय? महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास आणि त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची अट घातली. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं. कागदावर हिशेब चोख. पण त्या वडाएवढी सावली मिळायला साठ वर्षंच लागणार, तीही रोपं जगली तर. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोर्चाने रस्त्यावर उतरले, ते मला कुठल्याही वृक्षारोपणापेक्षा मोठं काम वाटतं.

तुम्हाला टेकडी चढणं जमत नसेल तर आपल्या दारासमोरचं झाड बघा. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले असतील, सिमेंट ओतलं असेल, तर मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. आपल्या सोसायटीत त्यासाठी लवादाची वाट कशाला बघायची? सेक्रेटरींशी बोला, गवंड्याला बोलवा, चारी बाजूंनी मीटरभर ब्लॉक काढून घ्या आणि जाहिरातींसाठी ठोकलेले खिळे त्याच दिवशी उपटा. जूनच्या आधी एवढं केलंत तर पहिल्या पावसाचं पाणी गटारात न जाता मुळांशी जाईल.