दारावरचा पांढरा ओरखडा

गाडीच्या दाराखालच्या काळ्या प्लास्टिकवर चपलेचा ओरखडा उठतो, तो पांढराच का? रंग उडाला म्हणावं, तर तिथे रंग दिलेलाच नसतो; काळेपणा प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला. हे बहुधा पॉलिप्रॉपिलीन. घासल्यावर त्याची बारीक कुसं उभी राहतात, आत सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. पॉलिश चोळलं की खाचांत तेल भरतं, विखुरणं कमी होतं. चार दिवसांनी पुन्हा पांढरं. हीट गनने मात्र कुसं मऊ होऊन बसतात. हे प्लास्टिक १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून गन सतत हलती हवी. एका जागी रेंगाळलात, तर दाणेदार पोत जाऊन चकचकीत डाग पडतो. माझ्या डिकीत तो अजून आहे.