इंजिन बदलताना जुने पार्ट: पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात

गॅरेज सुरू करताय, तर हा प्रश्न पहिल्या वर्षातच समोर येणार. गाडीचं इंजिन गेलं, त्याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन आणून बसवायचं ठरलं. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, अल्टरनेटर सहा महिन्यांपूर्वीच टाकलाय, क्लच प्लेटपण नवीच आहे. तेच वापरा ना!" पार्ट बाहेरच्या कंपनीचे आहेत, पण चालू आहेत. मग वापरायचे का?

पार्टची किंमत नंतर बघा. आधी हे बघा, की उद्या तो बिघडला तर तिथपर्यंत हात पोचायला किती मजुरी लागेल. अल्टरनेटर, स्टार्टर बाहेरून निघतात. टेस्ट करा, लावा. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतच नाही. समजा, जुना क्लच ठेवून गिऱ्हाइकाचे ३,००० रुपये वाचवले आणि तीन महिन्यांनी क्लच घसरायला लागला. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी कोण देणार? तो म्हणेल, तुम्हीच! शिवाय मेकॅनिकचा दिवस गेला तो वेगळाच.

इंजिन कशाने गेलं, तेही शोधा. बेअरिंग गेलं असेल तर ऑइलमधून धातूचा चुरा फिरलेला असतो. ऑइल कूलरमध्ये तो अडकून बसतो, धुऊनही सगळा निघाल्याची खात्री नसते. तो कूलर कालच घेतलेला असला तरी बाजूला ठेवा. टर्बोचंही तेच. इंजिन गरम होऊन गेलं असेल, तर रेडिएटर तपासल्याशिवाय परत चढवू नका.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची गंमत वेगळी. गॅसच्या नोझलसाठी इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडलेली असतात. आणलेल्या इंजिनवर पुन्हा ड्रिल कशाला मारता? जुना मॅनिफोल्ड चांगला असेल तर तोच लावा, फक्त गॅस्केट नवं घ्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी लागते, तीही तारीख बघून घ्या.

कागदांचं थोडक्यात: इंजिन नंबर आरसीवर असतो. त्यामुळे आधी आरटीओची परवानगी, नंतर नवी नोंद. इंजिनचं खरेदी बिल नसेल तर ते काम घेऊच नका, कितीही ओळखीचा असो.

आणि जॉब कार्डवर दोन वेगळे रकाने करा. एकात तुम्ही दिलेले पार्ट, वॉरंटीसह. दुसऱ्यात "गिऱ्हाइकाचा जुना पार्ट, वॉरंटी नाही". काम सुरू करण्याआधी सही घ्या. जे पार्ट लावले नाहीत, ते पोत्यात भरून गाडीच्या डिकीत ठेवा.