पंच्याऐंशी खुर्च्यांचा आतबट्ट्याचा व्यवहार

धंदा म्हणून पाहिलं, तर कॅफे लीनाला पहिल्या दोन-तीन वर्षांतच टाळं लागायला हवं होतं. जागा पहिल्या मजल्यावर, वर जायला उभा अरुंद जिना, आत दाटीवाटीनं 85 माणसं मावतील एवढी खोली. दारू मिळत नसे. कॉफी, चहा आणि काहीतरी गोडधोड, बस. आणि यायचं कशासाठी, तर एक माणूस गिटार घेऊन गाणार ते ऐकायला. तो माणूसही बहुतेक वेळा कोणाला माहीत नसलेला. अशा भांडवलावर 1960 च्या मे महिन्यात सुरू झालेली ही जागा आजही त्याच पत्त्यावर आहे : 47, फिला स्ट्रीट, सॅराटोगा स्प्रिंग्ज, न्यूयॉर्क राज्य. अमेरिकेत अखंड चालू असलेलं लोकसंगीताचं सर्वांत जुनं कॉफीहाऊस म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

सॅराटोगा स्प्रिंग्ज हे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, मोटारीनं तीन-साडेतीन तासांवरचं गाव. तिथं औषधी पाण्याचे झरे आहेत. 1863 पासून घोड्यांच्या शर्यती आहेत, आणि त्यांच्या जोडीनं येणारा पैसाही आहे. उन्हाळ्यात शर्यती सुरू झाल्या की गावाची रया पालटते, हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. मग हंगाम सरतो, बर्फ पडतं आणि रस्ते ओस पडतात. गावात स्किडमोर कॉलेज आहे. 1971 पर्यंत ते फक्त मुलींचं होतं. बिल स्पेन्सर आणि त्याची बायको लीना यांनी हे गाव निवडलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढं या मुलीच असणार. बिल शिल्पकार. दोघांचा बेत साधा होता : काही वर्षं कॉफीहाऊस चालवायचं, पैसे साठवायचे आणि युरोपला जाऊन राहायचं. बिलनं शिल्पं करायची. कॉफीहाऊस काढून पैसे साठवायचे, ही कल्पना कोणाला तरी खरी वाटली होती हेच मुळात गमतीचं.

युरोप राहिलाच. दोन-एक वर्षांत बिल संसार आणि धंदा दोन्ही सोडून निघून गेला. मागं उरल्या लीनाबाई, कॉफीचं मशीन आणि देणी. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डच्या इटालियन घरात 1923 साली जन्मलेल्या या बाईंचं मूळचं नाव पास्क्वालिना नार्गी. ओढा खरा नाटकाकडं. गाण्यातलं शिक्षण नाही, कोणी श्रीमंत पाठीराखा नाही. त्यांनी गाशा गुंडाळला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पुढची सत्तावीस वर्षं ती खोली चालवली.

कॅफे लीनाची कोणतीही गोष्ट बॉब डिलनपाशी येतेच, तेव्हा ती उरकून घेऊ. 1961 साली, वीस वर्षांचा आणि फारसा कोणाला ठाऊक नसलेला डिलन इथं गायला आला. लोकांना तो आवडला नाही. ते आपसांत बोलत राहिले. शेवटी बिल स्पेन्सर मंचावर गेला आणि त्यानं श्रोत्यांना चार शब्द सुनावले. डिलन पुढं कोण झाला हे सांगून या प्रसंगावर वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या गेल्या आहेत. मला त्यात डिलनपेक्षा बिल जास्त लक्षात राहतो. पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाचा मालक गप्प बसायला सांगतो, तेही अशा गायकासाठी, जो कोणालाच आवडत नाहीये. बिल गेला, पण हा दंडक राहिला. कॅफे लीनात गाणं चालू असताना बोलायचं नाही. मद्यालयात गाणारा गायक गोंगाटाशी झुंजत गातो, त्याचा आवाज चढतो, गाणी सोपी होत जातात. इथं ती झुंज नव्हती, म्हणून गायकांना ही जागा हवीशी वाटली.

खोलीतली स्तब्धता हा काही शिष्टाचाराचा मामला नाही, या संगीताची ती गरज आहे. बोटांनी तारा छेडून वाजवलेली ब्लूज गिटार जवळून ऐकली की हे कळतं. अंगठा खर्जाच्या तारांवर एकसारखा ठेका धरून असतो, जणू दुसराच कोणी वाजवतोय. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर चाल काढत असतात. डाव्या हाताची बोटं तार किंचित ओढून स्वर वर चढवतात. त्यातला गंधार ना धड कोमल असतो ना धड शुद्ध, तो मधेच कुठंतरी घोटाळतो आणि ब्लूजचं सगळं दुखणं त्या मधल्या जागेत असतं. गाण्याचा साचा म्हणाल तर अगदी लहान : चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार बोलते. मोठ्या मैदानात ध्वनिवर्धकातून हे पोचतं, नाही असं नाही. मुंबईत 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरायला लागला तेव्हा बडी गायसारख्यांना आपल्याकडच्या लोकांनी हजारोंच्या गर्दीत उभं राहून ऐकलं आणि ते भारावलेच. पण तो विजेच्या गिटारचा, शिकागोच्या क्लबांत घडलेला ब्लूज. साध्या लाकडी गिटारचा, दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातला जो जुना ब्लूज आहे, त्यात नख तारेवर घासल्याचा आवाजही गाण्याचा भाग असतो. तो चौथ्या रांगेपलीकडं जात नाही.

त्या जुन्या ब्लूजवाल्यांपैकी एक स्लीपी जॉन एस्टिस. टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिल भागातला. 1929 पासून त्याच्या तबकड्या निघाल्या आणि मग तो लोकांच्या विस्मरणात गेला. तो कधीच वारला, असं संग्राहक धरून चालले होते. 1962 मध्ये तो सापडला : दोन्ही डोळे गेलेले, दारिद्र्य पराकोटीचं, आणि आवाज तसाच रडवेला, जिवंत. त्या दशकात असे कितीतरी म्हातारे कलावंत तरुण गोऱ्या संग्राहकांनी शोधून काढले. त्यांना न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवात उभं केलं की वर्तमानपत्रांत फोटो येत. पण महोत्सव वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांत त्यांना चार पैसे कुठं मिळणार? बॉस्टन, केंब्रिज, फिलाडेल्फिया, सॅराटोगा अशा गावांतल्या कॉफीहाऊसांच्या साखळीवर ही मंडळी फिरत. एस्टिसचं इथलं गाणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. 2013 साली कॅफेतल्या जुन्या मुद्रणांचा तीन तबकड्यांचा संच निघाला, त्यात तो ऐकायला मिळतो.

आपल्याकडच्या खासगी बैठकीची आठवण इथं येणं साहजिक आहे. गाणारा हाताच्या अंतरावर, ऐकणारे ओळखीचे, आणि यजमान स्वतः दाराशी. फरक दादेत आहे. बैठकीत जागा जमली की ‘वा!’ तिथल्या तिथं निघतो. इथं गाणं संपेपर्यंत चिडीचूप, मग टाळ्या. मात्र ध्रुपद आलं की सगळी खोली गायकाबरोबर गाते, सूर लागो न लागो. आपल्या बैठकीत कोणी तसं गायला लागलं तर बुवा तंबोरे खाली ठेवतील.

लीनाबाईंचं यजमानपण कॅफेच्या दारापाशी संपत नसे. गायकाला हॉटेलचं भाडं परवडायचं नाही, म्हणून तो त्यांच्याच घरी झोपायचा. घरात मांजरं, टेबलावर शब्दकोडं, हातात सिगारेट. 1968 मध्ये ब्रूस फिलिप्स नावाचा कोरिया युद्धातून परतलेला सैनिक युटा राज्यात युद्धविरोधी पक्षातर्फे सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला, आपटला आणि राज्याच्या दप्तरखान्यातली सरकारी नोकरीही गमावून बसला. तो भटकत सॅराटोगाला आला. रेल्वेतले भटके आणि कामगार संघटना यांच्या गोष्टी सांगत गाणारा ‘युटा फिलिप्स’ म्हणून अमेरिकेला नंतर जो माहीत झाला, तो या खोलीत उभा राहायला शिकला. रोझली सोरेल्स पाच मुलांना घेऊन संसारातून बाहेर पडलेली. तिलाही इथंच आसरा मिळाला. हे दोघं पुढं आयुष्यभर लीनाबाईंचं नाव काढत राहिले. त्या दोघांपैकी कोणीही डिलनएवढा मोठा झाला नाही, आणि या जागेची खरी ओळख विचाराल तर ती त्यांच्यात आहे, डिलनमध्ये नाही.

डॉन मॅक्लीनचं प्रकरण आणखी मजेचं. 1968 च्या सुमारास तो इथला ठरलेला गायक होता. त्याचं ‘अमेरिकन पाय’ 1971 मध्ये आलं आणि जगभर गाजलं. ते गाणं त्यानं जवळच्याच टिन अँड लिंट नावाच्या बारमध्ये बसून लिहिलं आणि कॅफे लीनात पहिल्यांदा म्हटलं, असं सॅराटोगात छातीठोकपणे सांगितलं जातं. बारमध्ये तशी पाटीही आहे. खुद्द मॅक्लीननं सांगितलं की असं काही घडलेलं नाही. गाणं लिहिलं दुसरीकडं, पहिल्यांदा म्हटलं फिलाडेल्फियात. पाटी मात्र जागच्या जागी. कवीनं नाकारलं म्हणून गावानं दंतकथा सोडावी, असा कुठं नियम आहे?

पैशाचं गणित कधीच जमलं नाही. जमणार तरी कसं? समजा, तिकीट 20 डॉलर आणि खोली खचाखच भरलेली. 85 खुर्च्यांचे झाले 1,700 डॉलर. त्यातला मोठा वाटा कलावंताचा, मग भाडं, वीज, कामाची माणसं. आणि खोली दर वेळी भरते थोडीच? जानेवारीत, बाहेर बर्फाचं वादळ चालू असताना वीस माणसं आली तरी गाणं व्हायचंच. तिकीट वाढवलं तर विद्यार्थी येणार नाहीत, दारू ठेवली तर शांतता जाईल, मोठी जागा घेतली तर मग ती कॅफे लीना राहणार नाही. लीनाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. उधारी चढली की जुने गायक येऊन मदतीसाठी कार्यक्रम करत आणि गाडं पुन्हा काही महिने चाले. बाईंना व्यवहार कळत नव्हता असं म्हणणारे बरेच आहेत. मला वाटतं, त्यांना तो चांगला कळत होता, फक्त त्या तो मानायला तयार नव्हत्या.

1989 च्या शरद ऋतूत कॅफेच्याच जिन्यावरून त्या पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. एका व्यक्तीच्या जिवावर चालणाऱ्या संस्था अशा वेळी सहसा मिटतात. दोन वर्षं स्मृतिदिन, मग एखादी पाटी. इथं ओळखीपाळखीच्या लोकांनी मंडळ नेमलं, ना-नफा संस्था म्हणून कारभार हाती घेतला, स्वयंसेवक उभे केले. तिकिटांतून जे भागत नाही ते देणग्यांतून भरायचं, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. लीनाबाई तेच करत होत्या, पण पदरमोड करून. स्किडमोरची एक विद्यार्थिनी, जोसलिन अॅरम, इथल्या जुन्या फिती, पत्रं आणि छायाचित्रं धुंडाळू लागली आणि त्यातून 2013 मध्ये एक जाडजूड पुस्तक झालं. जो अल्पर या छायाचित्रकारानं साठच्या दशकात टिपलेले चेहरे त्यात आहेत.

2016 मध्ये इमारतीचं मोठं नूतनीकरण झालं. लिफ्ट आली, त्यामुळं म्हातारेकोतारे आणि चाकाच्या खुर्चीतली माणसंही वर पोचू लागली. एवढा खर्च करून खुर्च्या किती वाढल्या, तर साधारण पंचवीस. आता 110 बसतात. 2020 मध्ये साथीमुळं दार बंद झालं तेव्हा गायक रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर गायले आणि लोकांनी घरून ऐकत पैसे पाठवले. आता पेल्यात बिअर किंवा वाइनही मिळते, त्यावर जुन्या मंडळींनी नाक मुरडलं असेल तर नवल नाही. पण गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, हे कायम आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर नजर टाकली तर एकाच महिन्यात स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे गायक, ब्लूज वाजवणारा एखादा एकटा गिटारवाला, अॅपलाचियाच्या डोंगरांतलं फिडल आणि बँजो, आयरिश मंडळी, थोडं जॅझ, कवितावाचन असं सगळं दिसतं. आठवड्यातली एक संध्याकाळ कोणालाही खुली असते : नाव नोंदवायचं, पाळी आली की उठून गायचं. मोठ्या नावांची तिकिटं आधीच संपतात. न्यूयॉर्क-न्यूजर्सीला मुलांकडं, नातेवाइकांकडं जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणाला उत्तरेकडं फिरायला जायचं असेल, तर शर्यतींचे जुलै-ऑगस्ट टाळावेत, नाहीतर राहायचा खर्च गाण्याच्या दहापट होईल. ऑक्टोबरनंतर जावं. पत्रिकेत जे नाव आपण कधी ऐकलेलं नाही त्याचं तिकीट घ्यावं आणि लिफ्ट असली तरी गुडघे साथ देत असतील तर जिन्यानंच वर जावं.