शिकार त्याची, टेन्शन तुमचं!

पावसात बिळांमध्ये पाणी शिरलं की उंदीर, घुशी सोसायटीच्या आवारात येतात आणि तुमच्या ब्रुनो, शेरू, टॉमीला आयतीच संधी मिळते. तोंडात उंदीर धरून पठ्ठ्या शेपटी हलवत हजर! तुम्ही ‘ईऽऽ’ करता, रील काढता आणि विसरून जाता. पण मित्रांनो, खरं लक्ष द्यायचं ते पुढचे काही दिवस.

इतका सहज सापडला कसा?
कदाचित त्या उंदराने आधीच औषध खाल्लेलं असेल. ब्रोमाडिओलोनसारख्या विषामुळे रक्त गोठत नाही आणि मेलेल्या उंदरातून ते कुत्र्याच्या पोटातही जाऊ शकतं. गोची अशी की लक्षणं ३ ते ५ दिवसांनी दिसतात. तोवर गडी मजेत असतो. मग हिरड्या फिक्या पडतात, दम लागतो, नाकातून किंवा शीतून रक्त जातं. ‘व्हिटॅमिन के-१’ हा त्यावरचा उतारा, पण तो वेळेत मिळायला हवा. त्यामुळे लक्षणांची वाट बघू नका, लगेच व्हेटला फोन करा. औषधाचं पाकीट सापडलं तर सोबत न्या. आणि उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी? अजिबात नको, त्यानेच जिवावर बेतू शकतं.

लेप्टो फक्त माणसांना नाही
२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, हे घरच्यांकडून ऐकलं असेल. हे जंतू उंदराच्या लघवीतून पसरतात. कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ होते, किडनी आणि लिव्हर निकामी होऊ शकतात. शिवाय त्याच्या लघवीतून हा आजार तुम्हालाही होऊ शकतो. म्हणून साफसफाई करताना हातमोजे हवेतच.

बेडूक, पाली आणि जंत
खरबरीत कातडीच्या बेडकाच्या मानेमागे विषग्रंथी असतात. तो चावला की कुत्र्याच्या तोंडातून फेस, लाळ गळते. तोंड खाली झुकवून पाण्याने बाहेरच्या दिशेने धुवा. पाणी घशात जाऊ देऊ नका. मग व्हेट गाठा. उंदीर, पक्षी, पाली खाल्ल्याने जंतही होतात.

आजच करा
* व्हॅक्सिनेशन कार्डवर ‘लेप्टो’ आणि ‘रेबीज’ दोन्ही आहेत का, बघा. दोन्ही डोस दर वर्षी लागतात. मुंगसाशी झटापट झाली तर डोस घेतलेला असला तरी व्हेटला सांगा.
* जंताचं औषध किती महिन्यांनी द्यायचं, हे व्हेटला विचारून मोबाइलवर रिमाइंडर लावा.
* ‘सोड’ ही कमांड शिकवा. बक्षिसाला चिकनचा तुकडा ठेवा, मग उंदीर सोडायला तो तयार होतो.
* पेस्ट कंट्रोलच्या आधी नोटीस बोर्डवर तारीख आणि औषधाचं नाव लावायला सेक्रेटरी काकांना सांगा. आवारातल्या भटक्या कुत्र्यांना व्हेटकडे नेणारं कुणी नसतं. या एका कागदामुळे त्यांच्यावरही कुणाचं तरी लक्ष राहील.